वॉकर नंबर ३७

केंद्र बंद करायला दहा मिनिटं होती आणि एक म्हातारी दारात उभी राहिली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आमचा वॉकर. ॲल्युमिनियमचा, घडीचा, चार पायांचा तो सांगाडा तिनं जळणाची मोळी आणावी तसा आणला होता. बसमधून उतरून इथवर चालत. वॉकर धरून चालणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, वॉकर डोक्यावर घेऊन चालणारं माणूस पहिलंच.

“अक्का, हे घ्या तुमचं,” तिनं तो खाली ठेवला. “आन् आमचं पाचशे द्या.”

आमचं रुग्णसाहित्य केंद्र बेळगावातल्या एका जुन्या गल्लीत, देवळामागच्या दोन खोल्यांत चालतं. वॉकर, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर, फाउलर कॉट, हवेची गादी, असं सगळं. भाडं नाही, फक्त अनामत. वस्तू परत आली की अनामत परत. शिवाय गरजूंना औषधाला थोडीफार मदत. मी आठवड्यातून तीन दुपारी तिथं बसते. त्याआधी एकोणतीस वर्षं सोसायटीत होते. (सोसायटी म्हणजे पतसंस्था. आमच्याकडे गल्ली म्हटली की एक देऊळ, एक तालीम आणि एक सोसायटी हवीच.) कुणाचं तरी खातं शोधून काढणं यावरच माझं घर चाललं. त्यामुळे पाचशेची नोंद म्हणजे दोन मिनिटांचं काम, चहा निवायच्या आत होईल, असा हिशोब करून मी कीबोर्ड पुढं ओढला.

“पावती आहे का, मावशी?”

“होती की. यंदाच्या पावसात मागची भिंत आली. ट्रंक भिजली सगळी.”

खानापूरकडची होती. तिकडं पावसाळ्यात मातीची भिंत ‘पडत’ नाही, ‘येते’. पाहुणा आल्यासारखी.

“बरं. नाव सांगा.”

“यल्लव्वा.”

(खरं नाव वेगळं आहे. पण त्याचं दुखणं अगदी हेच, म्हणून हे धरून चला.)

मी टाइप केलं. पडद्यावर आलं, एकही नोंद आढळली नाही.

आता यल्लव्वा हे नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते मला कुणीतरी एकदा ठामपणे सांगावं. सुरुवात वाय-ए, वाय-ई की नुसत्या ई-नं? एल एक की दोन? पुढं व्ही एक, व्ही दोन, डब्ल्यू एक की डब्ल्यू दोन? शेवट ए-वर की त्याला एच-ची शेपटी? तीन गुणिले दोन गुणिले चार गुणिले दोन. अठ्ठेचाळीस झाल्या. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या यल्लम्मावरून आलेलं हे नाव आमच्या भागात कानडी घरात जेवढं तेवढंच मराठी घरातही. आम्ही तिला रेणुका म्हणतो, उदो उदो करतो, आणि पोरीचं नाव यल्लव्वा किंवा यल्लुबाई ठेवतो. देवीचं स्पेलिंगवाचून काही अडत नाही. अडतं ते माझं.

यादी इंग्रजीत का, असं बाहेरगावचे लोक विचारतात. कारण सरळ आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली आणि आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो. त्यावर काय काय झालं, महाजन आयोग, १९६७ चा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे इथं सांगत बसत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना पाठ आहे. मला फक्त त्याचा माझ्या टेबलावर येऊन पडणारा तुकडा दिसतो. बाईचं नाव मराठी. आधार कार्डावर ते कानडीत आणि इंग्रजीत. शाळेचा दाखला असलाच तर मराठी शाळेचा, देवनागरीत. रेशन कार्ड कानडीत. आमचे निम्मे स्वयंसेवक कानडी, निम्मे मराठी. सगळ्यांना वाचता येईल अशी लिपी एकच उरते, आणि ती या दोन्ही भाषांची नाही.

म्हणजे नाव कसं प्रवास करतं बघा. बाई मराठीत बोलते. खिडकीतला माणूस कानडी कानानं ऐकतो आणि कानडीत लिहितो. मशीन त्याचं इंग्रजी करतं. आमचा पोरगा ते इंग्रजी वाचून आपल्या मनानं परत उच्चारतो. दर मुक्कामाला थोडं सामान हरवतं, आणि कधीकधी दुसऱ्याचं चढतं. ज्ञानेश्वर घ्या. आम्ही ‘द्न्यानेश्वर’ म्हणतो, म्हणून डी-नं लिहितो. कानडी कारकून जे-एन-नं लिहितो. एखादा जी-नं लिहितो. आळंदीचा एकच माणूस, आमच्याकडे तीन कपाटांत. एका पेशंटचं कॉटचं भाडं नाही पण अनामत दोनदा घेतली गेली होती, त्याचं कारण एवढंच.

गावांचं तर बोलायलाच नको. २०१४ च्या नोव्हेंबरात बेळगावचं सरकारदरबारी बेळगावी झालं. हुबळीचं हुब्बळ्ळी आणि विजापूरचं विजयपुरा झालं तेव्हाच. आमच्या यादीत आता या एका शहराची चार-पाच रूपं नांदतात, आणि कुणी कुठलं रूप लिहिलंय यावरून लिहिणाऱ्याचं वय, शाळा आणि कधीकधी मतसुद्धा ओळखता येतं. मी पिनकोडवर शोधते. ५९०००१ ला मत नसतं.

खानापूरची तऱ्हा आणखी वेगळी. यंत्रणेत पत्ता भरताना आधी राज्य निवडावं लागतं, मग जिल्हा. एकदा मी महिन्याचा अहवाल काढला तर खानापूरचे नऊ पेशंट महाराष्ट्रात. सांगली जिल्ह्यातही खानापूर आहे, विट्याजवळचं. भरणाऱ्यानं घाईत यादीतलं भलतंच राज्य निवडलं होतं की मुद्दाम, हे मी विचारलं नाही. मोठ्या मोठ्या लोकांना इतक्या वर्षांत जमलं नाही ते आमच्या एका पोरानं उंदराच्या एका टिचकीनं करून टाकलं होतं. मी नऊच्या नऊ परत आणले. आणताना हात थोडा जड झाला, खोटं कशाला सांगू.

*

“यल्लव्वा पुढं काय?”

तिनं आडनाव सांगितलं. गावाच्या नावाला ‘कर’ लावलेलं, आमच्याकडची निम्मी आडनावं असतात तसं. तेही घालून पाहिलं. मग आडनाव आधी आणि नाव मागून. ही सिव्हीसीआरएम नावाची यंत्रणा आहे, २००५ पासून आहे, फुकट आहे, जगभरच्या सेवाभावी संस्था वापरतात. तिच्या यादीत नावं आडनाव-स्वल्पविराम-नाव अशी लागतात. आमच्या सोसायटीच्या लेजरमध्येही तसंच होतं, त्यामुळे माझं काही बिघडलं नाही. पण ज्यांना आडनावच नाही त्यांचं काय? गोकाक-बैलहोंगलकडची कितीतरी माणसं नाव आणि एक आद्याक्षर एवढ्यावर आयुष्य काढतात. रकाना मात्र रिकामा ठेवून चालत नाही असं आमच्या पोरांना वाटतं, म्हणून कुणी बापाचं नाव घालतो, कुणी गावाचं, एकानं टिंब घातलं होतं. टिंबाखाली अकरा माणसं होती.

तीन यल्लव्वा निघाल्या शेवटी. एक वडगावची, वय चौतीस. एक वारलेली. तिसरीचं वय जुळत होतं, पण तिनं नेला होता कमोड.

“तुमची जन्मतारीख?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. “बहात्तरच्या दुष्काळात थोरली लेक पाठीला बांधून खडी फोडाय जात होतो,” ती म्हणाली. एवढं पुरेसं आहे खरं तर, पण रकान्यात मावत नाही. आमच्या यादीतली माणसं दोनच दिवशी जन्मतात. शाळेत गेलेली १ जूनला, कारण शाळा जूनला सुरू होते आणि हेडमास्तरांनी वय बसवून तारीख घातलेली असते. शाळेत न गेलेली १ जानेवारीला, कारण जुन्या आधार कार्डावर नुसतं साल आहे आणि यंत्रणा दिवस मागते. १ जानेवारीला आम्ही केंद्रात केक कापायला हवा.

कॉम्प्युटर शिकणारा एक कानडी पोरगा आमच्याकडे शनिवारी येतो आणि अधूनमधून असाच दुपारीही टपकतो. मला आंटी म्हणतो. त्या दिवशी तो होता. तो उठून माझ्या मागं आला आणि म्हणाला, “आंटी, टक्का घाला की.”

टक्का म्हणजे % हे चिन्ह. शोधताना ते घातलं की ‘इथं काहीही असो’ असा अर्थ होतो. मला हे चिन्ह फार आवडतं. सोसायटीत याच चिन्हानं व्याज सांगायचं, लोकांच्या पोटात गोळा यायचा. इथं तेच चिन्ह ‘असू दे, जे असेल ते असू दे’ म्हणतं. टक्का-एल-टक्का-व्ही-टक्का असं घातलं. अडीचशेवर नावं आली. त्यात सगळे लवकुमार, सगळ्या लावण्या, एक ऑलिव्हर.

गेल्या वर्षी यानंच मला साउंडेक्स दाखवलं होतं. नाव कसं लिहिलंय ते सोडून कसं ऐकू येतं त्यावरून शोधायची युक्ती. अमेरिकेत १९१८ साली रॉबर्ट रसेल नावाच्या माणसानं तिचं पेटंट घेतलं. पहिलं अक्षर ठेवायचं, पुढचे स्वर गाळायचे, आणि व्यंजनांना आकडे द्यायचे. सारखी वाटणारी व्यंजनं एका आकड्यात. असा एक अक्षर-तीन आकडे असा संकेत तयार होतो. मला सगळ्यात आवडलं ते हे, की १९३० च्या दशकात तिकडं जुन्या जनगणनेच्या नोंदी या पद्धतीनं लावून काढल्या, कारण पेन्शन मागायला येणाऱ्या म्हाताऱ्यांकडे वयाचा दाखला नव्हता. म्हणजे तिकडंही १ जूनवाले होतेच.

आमच्या नावांवर ही युक्ती कधी चालते, कधी तोंडघशी पाडते. लक्ष्मी एक्स-नं लिहा नाहीतर के-एस-एच-नं, दोन्हीचा संकेत एल२५० येतो. मी त्या दिवशी पोराला कुंदा खाऊ घातला. मग यल्लव्वा घातलं. व्ही-नं लिहिली तर वाय४१०. डब्ल्यू-नं लिहिली तर वाय४००, कारण रसेलसाहेबांनी डब्ल्यूला आकडाच दिलेला नाही. आणि ई-नं सुरू केली तर ई४१०, पार दुसऱ्या कपाटात. आम्हाला व्ही आणि डब्ल्यू एकच ऐकू येतात हे त्यांना पिट्सबर्गमध्ये बसून कसं कळावं?

देवनागरीत लिहा मग, असं पुण्याची एक भाची मला म्हणाली. लिहिलं. काही दिवस आम्ही दोन्हीकडे लिहीत होतो. तर कुऱ्हाडे आडनावाचे एक काका सापडेनात. पडद्यावर डोळ्यांना कुऱ्हाडे दिसत होते, शोधात कुऱ्हाडेच टाइप केलं होतं, तरी नाही म्हणे. पोरानं दोन दिवस डोकं घातलं. तो अर्धा र, आपला मराठीचा खास, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ वापरतात, दुसऱ्या तऱ्हेत साधा र आणि त्याच्यामागं एक अक्षर जे दिसतच नाही. रुंदी शून्य. डोळ्याला दोन्ही एक, मशीनला दोन्ही वेगळे. न दिसणाऱ्या अक्षरानं माणूस हरवतो हे मी घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, तुमच्या केंद्रात भानामती आहे.

*

यंत्रणा माणसाला ‘क्लायंट’ म्हणते. त्याला मराठीत काय म्हणायचं यावर आमच्या बैठकीत एकदा पाऊण तास गेला. ग्राहक म्हणजे दुकान झालं. अशील म्हणजे कोर्ट. लाभार्थी हा सरकारी शब्द, आणि त्यात लाभ कुठं आहे? माणसाची कंबर मोडलीय. कानडी मंडळी म्हणाली, आमच्यात फलानुभवी म्हणतात. मराठी मंडळी हसली, कारण आम्हाला ते कर्माची फळं भोगणारा असं ऐकू आलं. शेवटी ‘पेशंट’ ठरलं. दोन्ही भाषांत चालतं. पण ठरवताना एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. ती या म्हातारीनं दाखवली, जरा वेळानं सांगते.

अण्णांच्या वेळी हे काही नव्हतं. अण्णांनी केंद्र सुरू केलं तेव्हा एक लांब लाल कापडी बांधणीचं रजिस्टर होतं आणि त्यात पानं नावावर नव्हे, गल्लीवर पाडलेली होती. अनंतशयन गल्ली, भांदूर गल्ली, रामलिंगखिंड, कोनवाळ गल्ली. शेवटी ‘बाहेरगाव’. माणूस आला की अण्णा नाव विचारायचेच नाहीत. “कुठले तुम्ही?” मग “कुणापैकी?” तिसऱ्या प्रश्नाला पान उघडलेलं असायचं. नावाची गरज सहीपुरती. कंग्राळी म्हटलं की बीके का केएच, म्हणजे बुद्रुक का खुर्द, सुळगा म्हटलं की येळ्ळूरकडचं का उचगावच्या वाटेवरचं, हे अण्णा श्वास घ्यावा तसं विचारायचे.

मी अण्णांचे गोडवे गात नाहीये. त्यांच्या रजिस्टरमधून एक ऑक्सिजनचं यंत्र चार वर्षं बेपत्ता होतं आणि कुणाकडे आहे ते अण्णांना माहीत होतं, पण ‘असू दे, वापरतोय’ म्हणून त्यांनी लिहिलंच नव्हतं. शिवाय सगळी यादी त्यांच्या डोक्यात. अण्णांना पहिला झटका आला त्या आठवड्यात आम्ही चार वस्तूंच्या मालकांना ओळखेनासे झालो. कॉम्प्युटर त्यानंतर आला, माझ्याच हट्टानं आला. रजिस्टर मीच उतरवून घेतलं. तेव्हा एक नियमही मीच केला आणि भिंतीवर चिकटवला. तो नियम पुढं येणार आहे.

शून्य नोंदी म्हणजे नेहमी शून्य नसतं हेही मला तेव्हा शिकावं लागलं. कधी नोंद कचरापेटीत असते. एकाच माणसाच्या दोन नोंदी जोडल्या की एक राहते, दुसरी पेटीत जाते, आणि पेटीत शोधायचं तर तसं वेगळं सांगावं लागतं. कधी नोंद असते पण बघायची परवानगी नसते. औषधमदतीच्या काही पेशंटांची नावं आम्ही सगळ्या स्वयंसेवकांना दाखवत नाही. आजार तसे असतात, आणि गल्ली लहान. त्या पोराला मी विचारलं असतं तर तो प्रामाणिकपणे ‘नाही आंटी’ म्हणाला असता. आमच्या यंत्रणेत ‘नाही’ आणि ‘तुला नाही’ यांना एकच वाक्य आहे.

तर मी पेटीत पाहिलं. माझ्या सगळ्या परवानग्यांनिशी पाहिलं. मोबाइल नंबर विचारला. तिनं कमरेच्या पिशवीतून चिठ्ठी काढली, तो नातवाचा नवा नंबर, सहा महिन्यांपूर्वीचा. आधारचे शेवटचे चार आकडे पाहिले. तेवढेच आम्ही ठेवतो, पूर्ण बारा ठेवत नाही. तेही नाही.

बंद करायची वेळ उलटून गेली होती. आणि मी, एकोणतीस वर्षं लेजर सांभाळलेली बाई, मनातल्या मनात कुणाला तरी दोष द्यायला लागले. हे त्या पोरांचं काम. कानडी पोरं मराठी नावाचं काहीतरी करून ठेवतात, मराठी पोरं घाई करतात, कुणाला पाठ म्हणून नाही. मागं उभ्या असलेल्या पोराकडे मी पाहिलंही असेन तसं. तो गप्प होता.

*

“मावशी,” मी शेवटी विचारलं, “वॉकर कुणासाठी नेला होता?”

“मालकांसाठी.”

बघा. ‘पेशंट’ हा शब्द आम्ही पाऊण तास भांडून ठरवला होता, आणि समोर पेशंट नाही हे मला वीस मिनिटं कळलं नव्हतं. नोंद तिच्या नवऱ्याच्या नावावर असणार.

“कसे आहेत आता?”

“दसऱ्याला गेले.”

मी हात कीबोर्डवरून काढला. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग मला विचारावं तर लागणारच होतं. “त्यांचं नाव काय होतं?”

ती गप्प. पदर नीट केला. पोरगा म्हणाला, “अज्जी, हेसरु?” त्याला वाटलं भाषेची अडचण. अडचण भाषेची नव्हती. आमच्या आजीनं जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही. लग्नात आणि मंगळागौरीला घ्यायचं, तेही उखाण्यातून, आडून. माणूस गेल्यावरसुद्धा ते नाव तोंडात येत नाही. यंत्रणेत पहिल्याच रकान्यापुढं लाल चांदणी आहे, भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

तिनं भिंतीकडे बोट केलं. तिथं सोसायटीचं कॅलेंडर, त्यावर पंढरपूरचा. कमरेवर हात ठेवून.

“पांडुरंग?”

मान हलवली, नाही.

“विठ्ठल?”

तिनं खाली पाहिलं. म्हणजे होय.

मी विठ्ठल घातलं. एक टी, दोन टी, एच घालून, एच काढून. आडनावासकट. विठोबाही घातलं. विठ्ठल आमच्याकडे भरपूर, हा नव्हता. साउंडेक्स लावलं, व्ही३४०, सगळे विठ्ठल ओळीनं उभे राहिले, वारीसारखे. हा नव्हता.

“राहू दे अक्का,” ती म्हणाली. “नाय तर नाय. ह्ये ठेवून जातो. दुसऱ्या कुणाला उपेगी पडंल.” आणि वॉकरपाशी बसून ती मुठींवरच्या चिंध्या सोडायला लागली. दोन्ही मुठींना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या करकचून गुंडाळलेल्या होत्या, हिरव्या, काठाच्या. थंडीत ॲल्युमिनियम हाताला बर्फासारखं लागतं, म्हणून तिनं त्या बांधल्या असणार. वॉकर आमचा, चिंध्या तिच्या. तिनं एक पट्टी उलगडली, घडी घातली, कमरेला खोचली. दुसरी उलगडली. तिच्याखाली नळीवर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं, ३७.

तो आकडा अण्णांचा. साहित्य आलं की पहिलं काम म्हणजे डबा उघडून नंबर घालणं. आम्ही कधी त्यावरून शोधलं नव्हतं, कारण माणसं समोर असतात आणि त्यांना नावं असतात.

“नंबर घाला, आंटी,” पोरगा म्हणाला.

घातला. एक नोंद. आडनाव बरोबर, गाव बरोबर, खानापूर, आणि कर्नाटकातलंच. जन्म १ जानेवारी १९४८. अनामत ५००. नाव: आय, टी, एच, ए, एल.

इठ्ठल.

व्ही-च्या कपाटात वर्षभर शोधलं असतं तरी सापडला नसता. मी खाली गेले, नोंद कुणी केली ते बघायला. सोसायटीची खोड, चूक सापडली की सही बघायची. तारीख होती, वेळ होती, आणि पुढं नोंद करणाऱ्याचं नाव होतं. माझं.

आठवलं मग. सगळं नाही, पण हे आठवलं. तो माणूस स्वतः आला होता, नातवाच्या खांद्यावर हात टाकून. धाप लागत होती, पुढचे दात नव्हते. मी नाव विचारलं आणि त्यानं मोठ्या आवाजात, शाळेत हजेरी द्यावी तसं सांगितलं होतं. आणि माझ्या डोक्यावरच, भिंतीवर, माझ्या हातचा कागद चिकटवलेला होता. अजून आहे. ‘नाव माणूस सांगेल तसंच लिहावे. आपण सुधारू नये.’

पोरानं पडदा वाचला होता. तो काही बोलला नाही, चहाचे कप उचलून आत गेला. त्याला मी अजून काही म्हटलेलं नाही. शनिवारी म्हणेन.

“सापडलं?” म्हातारीनं विचारलं.

“सापडलं.”

ती उठून टेबलाशी आली. पडद्याकडे बघत राहिली, आरशात बघावं तशी. “त्यात त्यांचं नाव हाय?”

“आहे.”

“वाचा की.”

मी वाचलं. आधी विठ्ठल म्हणणार होते, जीभ वळलीही होती. मग जसं लिहिलं होतं तसं वाचलं.

“व्हय,” ती म्हणाली. “तेच.”

पहिल्या रकान्यात मी काही केलं नाही. खाली टोपणनावाचा एक रकाना आहे, कुणी भरत नाही. त्यात व्ही-नं विठ्ठल घातला, पुढच्या वेळी कुणाला लागला तर. पाचशे मोजून दिले. पावतीवर सही येत नव्हती, अंगठा हवा होता, आणि शाईचं पॅड किती महिन्यांत कुणी उघडलं नव्हतं. वाळून कडक झालं होतं. पोरानं आतून पाण्याचे चार थेंब आणून टाकले. पहिला ठसा नुसता पाण्याचाच उठला.